नादारीच्या अर्जातली नावं

आमच्या ह्यांना जेलात घालणार होते. चोरी केली नव्हती, कुणाचा मुडदा पाडला नव्हता. लोकांच्या रानात भोकं पाडून पाणी शोधून दिलं, हाच काय तो गुन्हा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात गुलाल उधळला होता. त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. नळाला पाणी यायचं ते घागर भरायच्या आत जायचं. अशा दिवसांत बोअरच्या मशीनवाल्याची चांदी व्हायला पाहिजे, असं कुणालाही वाटेल. ह्यांनाही तसंच वाटलं. वर्कशॉपात दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून विटलेला माणूस. बँकेचे थोडे, एका फायनान्सवाल्याचे बरेच आणि मुखेडला दिलेल्या थोरल्या बहिणीचे थोडे, असे पैसे जमवून त्यांनी मशीन आणली. मशीन दारात आली त्या दिवशी वस्तीतल्या बायका ओवाळायला आल्या. माझ्या सासऱ्यांना त्यांच्या गावात आडाला शिवू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. आणि त्यांचा मुलगा आता त्याच गावात जाऊन जमिनीतून पाणी काढणार होता. लई अभिमान वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

पण आमच्याकडची रीत अशी की पाणी लागलं तर रानमालकाचं नशीब, आणि नाही लागलं तर मशीनवाल्याचा दोष. आधी पाणाड्या यायचा. तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरायचा, नारळ उभा राहिला की "हितं" म्हणायचा, आणि दक्षिणा खिशात घालून, चहा पिऊन निघून जायचा. त्याचे पैसे कुणी कधी बुडवले नाहीत. आमची मशीन मात्र दिवसभर डिझेल जाळायची, दगडाचा धुराळा उडवायची, आणि संध्याकाळी मालक म्हणायचा, "पाणीच लागलं न्हाई, पैसे कशाचे मागायलाव?" अरे बाबा, डिझेल काय पाणी बघून जळतं का? ह्यांना भांडता यायचं नाही. "जाऊ दे, त्याचंबी रान वाळून राहिलंय," असं म्हणत रिकाम्या हातानं घरी यायचे आणि खोकत बसायचे. त्या धुराळ्यानं दमा जडला तो वेगळाच.

मग सरकारची टंचाईची कामं घेतली. सरकार तरी पैसे बुडवणार नाही, असा ह्यांचा हिशोब. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत बिल मागायला गेलं की "तुमची फाईल लातूरला गेली". लातूरच्या नव्या कचेरीत, जिथं अजून बसायला धड खुर्च्या नव्हत्या, तिथं "आमच्याकडं आलीच नाही". जिल्ह्याचे दोन तुकडे केले आणि आमचं बिल मधेच कुठंतरी सांडलं. सांडणाऱ्याचा पगार काही थांबला नाही.

फायनान्सवाला मात्र थांबणारा नव्हता. त्यानं दावा लावला, हुकूमनामा मिळवला, आणि पैसे देत नाही तर माणूस दिवाणी जेलात टाका म्हणून अर्ज केला. बेलीफ दारात आला तेव्हा अख्खी गल्ली आपापल्या ओट्यावर आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. ज्यांच्या पोरांना मी बाराखडी शिकवली ते लोक माना वर करकरून बघत होते. त्या वेळी बेलीफ नोटीस देऊन गेला. पुढच्या वेळी माणूस घेऊन जाणार, हे स्पष्ट सांगून गेला.

आमच्या हेडमास्तरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, नादारीचा अर्ज करा. माझ्या मेहुण्यानं केला होता. सगळं देणं आणि सगळी मालमत्ता कोर्टापुढं मांडायची. कोर्टाला पटलं तर जेलातून संरक्षणाचा हुकूम मिळतो." लोक ज्याला दिवाळं काढणं म्हणतात, त्याला कोर्टात नादारी म्हणतात. मला शब्दाचं काही पडलं नव्हतं. मशीन जावो, घर जावो, भांडी जावोत. हा दम्याचा माणूस कोठडीत जाऊ नये, एवढंच पाहिजे होतं मला. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात.

तर वकील शोधायचा. जिल्हा झाल्यापासून लातुरात जिकडं बघावं तिकडं वकिलांच्या नव्या पाट्या. सगळ्यात मोठी पाटी ज्याची त्याच्याकडं आधी गेलो. हॉलमध्ये खुर्च्या, डोक्यावर पंखा, भिंतभर पुस्तकं. फी सांगितली तेव्हा मला घाम फुटला. "हप्त्यानं दिली तर चालेल का?" असं मी विचारलं तर माणूस हसला की हो! म्हणाला, "मॅडम, दिवाळं काढणाऱ्याकडून कुणी उधारीवर काम घेतं का?" बरोबरच आहे म्हणा. पण बोलायची काही रीत असते का नाही? मग ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "घर मॅडमच्या नावावर करून टाकू. जुन्या तारखेचा स्टॅम्प मिळतो. मशीन मेव्हण्याला विकली असं दाखवू. कोर्टापुढं जाताना हात झाडून जायचं." हे मान डोलवत होते. मी विचारलं, "आणि हे उघडकीला आलं तर?" तर म्हणतो कसा, "मॅडम, तुम्ही शाळा बघा, कोर्ट आम्ही बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. जेल टाळायला निघालो होतो आणि हा बाबा फसवणुकीच्या गुन्ह्यात आत घालायची सोय करत होता, वर फी घेऊन. मी पिशवी उचलली आणि जिना उतरले. हे मागून, "अगं, ऐक तरी," करत आले. काय ऐकायचं, कर्म माझं!

मग हे म्हणाले, आपला माणूस बघू. नांदेडला ह्यांच्या कॉलेजातल्या वेळचा मित्र वकील झाला होता. चळवळीतला, भाषणं करणारा. गेलो एसटीनं. जयभीम घातला, गळाभेट झाली, त्याच्या बायकोनं प्रेमानं जेवू घातलं. जेवण झाल्यावर त्यानं पान लावत सुरू केलं, "भाऊ, नादारी? आपल्या माणसाचं नाव कोर्टाच्या फळ्यावर? आपल्यातला पहिला मशीनमालक तू. पोरांना आम्ही तुझं उदाहरण देतो. समाजाला काय तोंड दाखवायचं?" असं बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "तडजोड करा. वहिनींचा पगार आहे की. व्याजासकट एवढे एवढे होतात, हप्ते बांधून घेऊ." आणि रुपयासकट आकडा सांगितला.

बसमध्ये लोह्याच्या पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आकडा आम्ही सांगितलाच नव्हता! ह्यांना म्हटलं, "त्याला कसा कळला?" फायनान्सवाल्याची एक पेढी नांदेडलाही होती. तिचं काम कोण बघत असेल ते समजायला वकील व्हायची गरज नव्हती. माझा पगार त्या दोघांनी मला न विचारताच वाटून टाकला होता. आणि समाजाचं नाव पुढं करून! मी भर बसमध्ये त्याला अशा शिव्या दिल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. हे म्हणाले, "हळू बोल, बाई." म्हटलं, "का? आता कुणाची भीती?"

तिसरा वकील मीच काढला. शाळेतल्या एका पोरीचे आजोबा, मुसलमान गृहस्थ. निजामाच्या वेळी उर्दूत वकिली शिकलेले. लातुरातच, गंजगोलाईच्या बाजारामागं गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली. माणूस भलताच तिरसट. बसा म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. डोळ्यात मोतीबिंदू, समोर पानाचा डबा. आम्ही बोलायला तोंड उघडलं तर हातानंच गप्प केलं आणि ह्यांना विचारलं, "पैले ये बोलो. गेल्या तीन महिन्यांत कुणाला काय दिलं?"

"कुणालाच न्हाई," हे म्हणाले.

"झूट."

एवढं सरळ तोंडावर! मला राग आला. मी म्हटलं, "वकीलसाहेब, घरात खायची मारामार आहे. देणार कुठून?" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बाई, मी ह्याला विचारलं. नादारीला आलेला माणूस येण्याआधी कुणाचं तरी देणं गुपचूप फेडून येतो. कुणी सासऱ्याचं, कुणी दोस्ताचं. तू कुणाचं फेडलं?"

हे घसा खाकरून म्हणाले, "आक्काचं."

आक्का म्हणजे मुखेडची नणंद. मी गारच पडले. मला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. हे पुटपुटले, "बहिणीचं नाव दिवाळ्याच्या कागदावर कसं लिवायचं? लेकीबाळीचं देणं ठिवून कोर्टात जाऊ? म्हणून आधी तिचं दिऊन टाकलं."

वकीलसाहेब असे भडकले की पानाची पिंक पायजम्यावर पडली. "अरे बेवकूफ! लाजेपायी गळ्यात फास घालून घेतलास! अर्जाच्या तोंडावर सख्ख्या बहिणीला सगळं दिलं आणि बाकीच्यांना ठेंगा. तुझी नियत साफ असंल, पण समोरचा वकील उभा राहून म्हणेल, बघा साहेब, ह्यानं माल घरात लपवला. मग कसला हुकूम आन कसलं संरक्षण? सीधा जेल!" मग जरा थांबून, "पैसे आणले कुठून?"

ह्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. आणि त्या नजरेतच मला कळलं. देवाशप्पथ, कुणी सांगायच्या आधी कळलं. माझ्या पाटल्या! माझ्या आईनं कंधारच्या बाजारात मिरच्या-लसूण विकून, एकेक आणा मागं टाकून केलेल्या पाटल्या. पैसे मागणारे दारात यायला लागले तशा मी त्या हातातून काढून ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवल्या होत्या आणि काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. रोज उठून ट्रंक कोण उघडतं?

"मोडल्या?" मी विचारलं.

"हाव," हे म्हणाले.

त्या खोलीत मी काय काय बोलले ते आता लिहिता येणार नाही. बहिणीची लाज राखायला बायकोचे हात ओकेबोके केले. तिचं नाव कागदावर नको, आणि माझं? माझं नाव कुठंच नाही, म्हणून माझं देणंही नाही! खाली शिंप्याची मशीन थांबली होती, तो कान देऊन ऐकत असणार. ऐक म्हटलं मेल्या. वकीलसाहेब पान जुळवत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "झालं? आता सांगा, माझ्याकडं काम द्यायचं का दुसरा बघायचा?"

"तुमच्याकडंच," मी म्हटलं. पहिल्या दोघांनी आम्हाला आवडेल ते सांगितलं होतं. ह्या तिरसट म्हाताऱ्यानं माझ्या घरातलं मला सांगितलं. ह्याच्याहून चांगला वकील मला मिळणार नव्हता. फी त्यानंही सोडली नाही, पण हप्ते करून दिले.

वकीलसाहेबांचं एकच म्हणणं: बहिणीनं पैसे परत आणून द्यायचे, ते कोर्टापुढं मांडायचे, आणि बाकीच्यांच्या ओळीत तिचंही नाव लिहायचं. हे ऐकायलाच तयार नाहीत. "आक्काला दिलेलं परत मागू? त्यापेक्षा मी जेलात बसतो. तिथं जेवणाचा भत्ता फायनान्सवाल्यालाच भरावा लागतो म्हणं. कुणीतरी फुकट जेवायला घालील." आणि हसले. मला हसू आलं नाही. रात्रभर खोकणारा माणूस आणि वर ह्याला थट्टा सुचते!

मी शाळेत रजा टाकली आणि मुखेडची गाडी धरली. आठवडी बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. नणंद दारात धान्य पाखडत होती. मला एकटीला बघून सूप खाली ठेवलं. "काय गं, एकलीच? भाऊ बरा हाय ना?" मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. गोड बोलायचं त्राण नव्हतं.

ती भडकलीच. "भावानं दिलेलं परत मागायला आलीस? लाज न्हाई वाटत? मी काय त्याच्या मागं लागले व्हते का? घरी आला, माझ्या पदरात टाकून गेला. सरकारी बिल निघालं म्हणाला."

"बिल?" मी म्हटलं. "आक्का, बिल अजून कुठल्या कचेरीत आहे ते सरकारलाही माहीत नाही. तुमच्या पदरात पडल्या त्या माझ्या पाटल्या. माझ्या आईच्या."

तिचं तोंड एकदम उतरलं. तिनं सूप बाजूला सारलं. मग उठली, आत गेली, पोस्टाचं पासबुक घेऊन आली आणि पायात चपला घातल्या. "चल," म्हणाली. पोस्टात जाऊन पैसे काढले आणि तिथूनच माझ्याबरोबर लातूरच्या गाडीत बसली. वाटेत एकदाच बोलली, तेही दात खाऊन. "माझी अब्रू झाकायला निघाला व्हता गाढव."

घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं भावाला असा आडवातिडवा घेतला की मला जरा बरं वाटलं. "माझं नाव लिवायची लाज वाटती? आन हिच्या पेटीत हात घालायची वाटली न्हाई? लिव माझं नाव. सगळ्यात वर लिव!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शिंप्याच्या दुकानाच्या जिन्यावर. वकीलसाहेबांनी कारकुनाला समोर बसवून अर्ज सांगायला घेतला. बँक, फायनान्सवाला, डिझेलवाला, आक्का. मग ह्यांना विचारलं, "और पाटल्या?"

"ते घरातलंच हाय, साहेब," हे म्हणाले. "बायकोचं कसलं देणं?"

"लिहा," मी म्हटलं.

वकीलसाहेब पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होते. "बाई, विचार करा. समोरचा म्हणेल, बायकोला खोटी सावकार करून घुसवली. हा कोर्टात शपथेवर हो म्हणाला तरच टिकंल. आन हो म्हणताना, बायकोला न विचारता तिचं सोनं मोडलं, हे चार लोकांत बोलावं लागंल. नाही म्हणाला तर तुम्ही खोट्या, अर्ज खोटा आन हा जेलात. नाव न घातलेलं सोपं."

सोपं! सगळ्यांना माझं नाव न घातलेलंच सोपं होतं. "लिहा," मी परत म्हटलं. "सगळं खरं मांडायचं असंच तुम्ही सांगितलं होतं ना? मग हे पण खरं आहे." कारकुनानं आक्काच्या खाली माझं नाव लिहिलं. ह्यांनी सही केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. सुनावणीपर्यंत आम्ही एका घरात राहून चार शब्द बोललो असू, तेही भाजीच्या मिठाचे. ह्यांच्या तोंडून कोर्टात काय निघेल, मला ठाऊक नव्हतं. तीच धास्ती घेऊन मी झोपत होते आणि उठत होते.

सुनावणीच्या दिवशी फायनान्सवाल्याचा वकील तयारीनं आला होता. ह्यांना पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली. त्यानं आक्काचं काढलं, पण तिचे पैसे कोर्टात जमा होते, तिथं त्याचं काही चाललं नाही. मग अर्ज हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा! बायको पण सावकारी करते वाटतं! लग्नात हुंड्याबरोबर व्याजाचा दर ठरला होता का?" मागं बसलेले लोक खिदळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आक्कानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर मी उठलेच असते.

न्यायाधीशांनी सगळ्यांना गप्प केलं आणि ह्यांना सरळ विचारलं, "तुमच्या पत्नीच्या पाटल्या तुम्ही मोडल्या, हे खरं आहे?"

हे घाम पुसत होते. दम लागला होता. नुसतं "नाही" म्हणाले असते तर ह्यांची अब्रू वाचली असती, पण अर्ज खोटा ठरून सगळं संपलं असतं. "खरं हाय, साहेब," ते म्हणाले. "तिचं देणं हाय माझ्यावर."

"तिला विचारलं होतं?"

"न्हाई."

"का नाही विचारलं?"

ह्यांनी पहिल्यांदा वर बघितलं, माझ्याकडं नाही, साहेबांकडं. "इचारलं असतं तर तिनं लगेच काढून दिल्या असत्या, साहेब. लई मोठ्या मनाची हाय ती. मग माझ्यानं घ्यायला झालं नसतं."

खिदळणारे गप्प झाले. बायका तर पदरानं डोळे पुसायला लागल्या. वकीलसाहेबांनी सुद्धा मान डोलवली. न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि संरक्षणाचा हुकूम दिला. हे जेलात जाणार नव्हते. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. बाहेर आल्यावर ओळखीपाळखीचे चार जण मला नमस्कार करून गेले, काय बाई आहे म्हणून. आक्का रडत रडत माझ्या तोंडावरून हात फिरवत होती.

आणि मी आतून नुसती जळत होते. कारण हे शपथेवर बोलले ते खोटं होतं. मी दिल्या नसत्या. पाय धरले असते तरी दिल्या नसत्या. आईच्या मिरच्या-लसणाच्या पाटल्या होत्या त्या, आक्काची लाज झाकायला तर मुळीच दिल्या नसत्या. त्या दिवशी मलाही पिंजऱ्यात बोलावलं असतं तर हात वर करून हेच सांगितलं असतं, मग हुकूम गेला असता खड्ड्यात. पण मला कोर्टातही कुणी विचारलं नाही.